तुंगनाथला मुक्काम करण्याआधी

गुहागर

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

फोनवरचा तुझा लांबलचक निरोप काल पडवीत सगळ्यांना ऐकवला. हिमालयातला तो मोनाल पक्षी उडाला आणि पाठीवरचा पांढरा डाग चमकला, हे सांगताना तुझा आवाज चढला. त्याच दमात ‘चंद्रशिलेच्या शिखरावर डोकं ठणकत होतं, एक उलटी झाली’ असं म्हणून तू पुढच्या पक्ष्यावर गेलीस. आईच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

आता पुन्हा वर जायचं आणि या खेपेला तुंगनाथच्या देवळापाशीच झोपायचं, म्हणजे उजाडताना बुग्यालात, त्या उंचावरच्या कुरणात हजर. बेत चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण तू समुद्रावर वाढलेली पोर. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. तुझा पायथ्याचा मुक्काम चोपता त्याहून हजारभर मीटर वर आणि तुंगनाथ जवळजवळ ३,६८०. तिथे हवेचा दाब इथल्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी. धडधाकट माणसालाही ते बाधतं, तिथे तुझं पोहणं कामाला येत नाही. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त चढवू नये, आणि डोकं दुखत असेल तर मुळीच चढवू नये. तू एका दिवसात हजार चढवणार. दिवसा कितीही वर जा, झोपायला खाली ये. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं. सकाळची वाट बघायची नाही.

झालं, लागला मास्तर शिकवायला. राहू दे. शाळा सुटली तरी खोड जात नाही.

मोनालची शीळ ऐकून तुला आपला कोरल आठवला म्हणालीस, ते मला फार आवडलं. हिवाळ्यात ओहोटीला ओल्या वाळूत वाकडी चोच मुळापर्यंत खुपसणारा तो, आणि तिकडे गवताची ढेकळं उकरून कंद खाणारा हा! तू सात-आठ वर्षांची असताना खाजणात खंड्यामागे गेलीस आणि गुडघ्यापर्यंत रुतलीस. ओढून काढली तर चप्पल चिखलात राहिली, आणि तू रडत होतीस ती खंड्या उडाला म्हणून. तेव्हा माईने मलाच झापलं होतं. ‘पोरीला वेड लावलंस’ म्हणाली. आता तीच मोनालचा फोटो येईल त्याला दाखवते. तुझा नाही, मोनालचा. बापूला तर म्हणाली, हा पक्षी आमच्या मुग्धाचा.

बांज आणि बुरांसचं जंगल संपतं आणि एकदम उघडं कुरण लागतं, ते ऐकताना मीही चालत होतो. दाढीवालं गिधाड हाड वरून खडकावर टाकून फोडतं, ते खरंच दिसलं का? की गाइडने सांगितलं? नीट लिही. इथे सुरूच्या बनावरून काकण, आपला समुद्री गरुड, फिरते, पण तुझ्यासारखं बघणारं कोणी घरात उरलं नाही. दादा फोनमधून मान वर काढत नाही.

सलीम अलींनी १९३० साली सुगरणीचा अभ्यास केला तो किहीमला, समुद्राच्या काठी. म्हणजे पक्षी बघायला उंची लागतेच असं नाही. हे मी तुला टोमणा म्हणून लिहीत नाहीये. बरं, थोडा आहे.

अण्णांचं झालं तेव्हा तेही ‘जरा डोकं दुखतंय’ एवढंच म्हणाले होते. तुझ्यासमोर तो विषय काढायचा नाही असं ठरवून बसलो होतो. माफ कर. त्यांचं कारण वेगळं होतं, मला कळतं. पण ‘जरा’ म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आंब्याच्या दोन पेट्या तुझ्या मैत्रिणीच्या पुण्याच्या पत्त्यावर रवाना केल्यात. परतताना घे, आढीत अजून आठवडा काढतील. दुपारी तिकडे गारा पडतात म्हणालीस, वीज कडाडायला लागली की त्या उघड्या धारेवर थांबू नकोस. आणि झोपणार तुंगनाथला की चोपत्याला, ते आईला नको, मला कळव. रात्री उशीर झाला तरी चालेल, मी जागा असतो.

तुझा,
बाबा