नुसत्या धुरासाठी ड्राय आइस आणू नको

प्रिय संज्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. अथर्वच्या बड्डेला तुला ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, आणायचाय आणि वहिनी नको म्हणतायत, गुरुग्रामच्या त्या बातमीमुळे. त्यांचं बरोबरच आहे रे, 2024 मध्ये तिथल्या एका हॉटेलात माउथ फ्रेशनर म्हणून लोकांना ड्राय आइस दिला गेला आणि रक्ताच्या उलट्या झाल्या. त्यामुळे सरबतात टाकून धूर काढायची तुझी आयडिया आधी कॅन्सल कर, खायच्या टेबलाच्या आसपासपण तो नको. पण म्हणून अख्खा बेत मोडू नको.

लग्नात नवरा-नवरीच्या एन्ट्रीला धूर सोडतात ना, तोच प्रकार, पण तो धूर म्हणजे पाण्याचे बारीक थेंब, धुकंच. खरा कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही आणि सगळी गंमत नि सगळी भीती त्या न दिसणाऱ्याचीच आहे. उणे 78 डिग्रीचा घट्ट कार्बन डायऑक्साइड, वितळत नाही, सरळ गॅस होतो, आणि एक किलोचा 500 लिटरच्या वर गॅस! दहा बाय दहाच्या बंद खोलीत एक किलो उडाला तर हवेत जवळपास 2 टक्के होतो, कामाच्या जागी आठ तासांसाठी 0.5 ची मर्यादा धरतात. म्हणून एसी लावून हॉलमध्ये अजिबात नाही. त्यात तो हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणजे रांगणारं बाळ आणि तुमचं मांजर पहिल्यांदा त्यात. उघड्या पार्किंगमध्ये कर, गच्चीवर वारा फार असतो, सगळं उडवून लावेल. आणि झाकणाच्या बाटलीत किंवा घट्ट डब्यात कधीच भरायचा नाही, फुटतो, बॉम्बच तो. फ्रीजरमध्येही ठेवू नको, थर्माकोलचा खोका आणि वर झाकण नुसतं टेकवलेलं, बास.

आता मजा. मला सगळ्यात भारी वाटतो तो हळदीचा. काचेच्या बरणीऐवजी प्लास्टिकचा मग घे (काच तडकते), पाण्यात हळद आणि चिमूटभर खायचा चुना घाल, मस्त लालभडक होतं, कुंकू असंच करायचे ना पूर्वी. चुना मात्र तूच टाक, पोरांच्या डोळ्यात गेला तर वाईट. मग चिमट्याने ड्राय आइसचा छोटा तुकडा सोड, बुडबुडे येतात, धुकं येतं आणि बघता बघता लाल परत पिवळं! गॅस पाण्यात विरघळून आम्ल होतं आणि चुन्याला मारतं. बाजूला चुन्याची निवळी ठेव, आपल्याला शाळेत फुंकून दुधाळ करायला लावायचे तीच, इथे फुंकायची गरजच नाही, आणि तुकडे टाकतच राहिलास तर दुधाळ झालेली परत निवळते, हे बाईंनी आपल्याला कधी दाखवलंच नव्हतं.

मग मोठा टब घेऊन तळाशी ड्राय आइस नि थोडं कोमट पाणी, जरा थांब आणि वरून साबणाचे फुगे सोड. फुगे खाली पडत नाहीत, हवेत अडकून राहतात, कारण खाली जड गॅसची गादी असते. नीट बघितलंस तर फुगा हळूहळू मोठा होतो नि खाली उतरत जातो, गॅस त्याच्या आत शिरत असतो. त्याच टबातला गॅस मगाने काढून, म्हणजे दिसायला रिकामाच मग, पेटत्या मेणबत्तीवर ओत, विझते. पोरं वेडी होतील. पण कोणी टबात वाकून डोकं घालणार नाही एवढं बघ, कारण घालतातच.

स्टीलचा चमचा तुकड्यावर दाबला की किंचाळतो, पण चमचा जाड फडक्यात धर, लगेच गार होतो.

ड्राय आइस कुठे मिळेल म्हणशील, तर लग्नाचं डेकोरेशन करणारे किंवा आइस्क्रीमच्या डिस्ट्रिब्युटरकडे विचार, सकाळीच आण, आदल्या दिवशी आणलास तर उडून जाईल. लादी नको, गोळ्या माग, फोडायचा त्रास नाही. गाडीच्या काचा उघड्या ठेव. हाताला हार्डवेअरच्या दुकानातले वेल्डिंगचे चामडी ग्लोव्ह्ज, भांडी घासायचे रबरी चालत नाहीत, आणि डोळ्यांना चष्मा. तुकडे फक्त मोठ्यांनी उचलायचे. उरलेला बेसिनमध्ये टाकू नको, पाइप तडकतो, उघड्या खोक्यात गच्चीच्या कोपऱ्यात ठेव आणि दाराला कडी लाव.

ग्लोव्ह्ज माझ्याकडे आहेत, विकत घेऊ नकोस. किती पोरं येणार ते कळव म्हणजे टब किती लागतील बघतो, आणि वहिनींना सांग चुन्याचं काम मी करणार, तुझ्यावर मलापण भरवसा नाही.

तुझा,
मुकुंद