परदेशातला पगार आणि घरातल्या बाईची सही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा सगळ्यात मोठा आहे, असं रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत दिसून आलं आहे. २०२०-२१ मध्ये हा वाटा ३५ टक्क्यांच्या वर होता आणि २०२३-२४ मध्ये २०.५ टक्के, म्हणजे केरळच्या किंचित पुढे. आकडा मोठा आहे आणि त्याचं कौतुकही होतं. पण तो पैसा ज्या घरात येतो तिथल्या बाईला त्याला हात लावता येतो का, हे कोणी मोजत नाही. मी तशा घरात राहते, म्हणून हे पत्र.

माझे यजमान सौदी अरेबियात जुबैलला एका पेट्रोकेमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहेत. ठाणे-बेलापूर रोडवरची त्यांची कंपनी बंद पडली तेव्हा दोन वर्षांसाठी म्हणून गेले आणि तिथेच राहिले. मधली काही वर्षं मी आणि मुलंही तिकडे होतो. जुलै २०१७ पासून सौदी सरकारनं सोबतच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला १०० रियाल फी लावली. ती दर वर्षी १०० नं वाढत २०२० मध्ये ४०० वर जाणार, हे आधीच जाहीर झालं होतं. मी आणि दोन मुलं मिळून तिघांचे पैसे, तेही इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणाच्या वेळी वर्षभराचे एकदम. त्यात २०१८ च्या जानेवारीत व्हॅट आला. आमच्यासारखी अनेक कुटुंबं त्या काळात परतली. आम्ही कळव्याला सासूबाईंकडे आलो, हे तिकडेच राहिले. तेव्हापासून घर मी चालवते. नववी-दहावीच्या शिकवण्याही घेते.

बाहेरच्यांना वाटतं, पैसे येतायत ना, मग अडचण कसली? सांगते. यजमानांचं बँकेतलं खातं फक्त त्यांच्या नावावर होतं आणि मोबाईल नंबर सौदीचा. ओटीपी तिकडे जाणार. कारखान्याच्या आवारात ज्वलनशील वायू असतात, त्यामुळे मोबाईल आत नेता येत नाही, तो गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. बारा तासांची पाळी. त्यांची सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवारी ते कामावर आणि इथे बँक बंद. सासूबाई पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयानं आधी डिपॉझिट भरायला सांगितलं. खात्यात पैसे होते. मला काढता येत नव्हते. आमच्या भिशीतल्या बायकांनी रात्री नऊ वाजता घरोघरी फिरून रक्कम जमवली. मी त्यांचं ऋण जन्मभर मानेन. पण नवरा वर्षानुवर्षं घाम गाळून पैसे साठवतो आणि त्याच्या आईच्या ऑपरेशनसाठी शेजारणींना पर्स उघडावी लागते, हे बरोबर नाही.

त्यानंतर यजमान सुट्टीवर आले तेव्हा आम्ही दोघांनी बसून सगळं लावून घेतलं. जे कळलं ते बँकेच्या फॉर्मवर बारीक इंग्रजी अक्षरात होतं, म्हणून ते इथे मराठीत लिहिते.

नोकरीसाठी परदेशी गेलेल्या माणसाला इथलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या कमाईसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. इथलं घरभाडं, व्याज, लाभांश अशी भारतातली कमाई त्यात जमा होते आणि त्याच्या व्याजावर बँक ३० टक्के आणि वर अधिभार-उपकर धरून कर कापते. परदेशातला पगार साठवायला असतं ते एनआरई खातं. त्यावरचं व्याज, माणूस अनिवासी आहे तोवर, करमुक्त असतं आणि पैसे पुन्हा परदेशी नेता येतात. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पुढचं फार थोड्यांना माहीत आहे. एनआरई खात्यात भारतात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाचं, म्हणजे पत्नीचं, आईवडिलांचं, मुलाचं नाव जोडता येतं. पद्धत ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ अशी असते. पहिला खातेदार आहे तोवर खातं त्याचं, त्याच्यानंतर दुसऱ्याचं. आणि तो हयात असताना पत्नीला व्यवहार करता यावेत म्हणून त्यानं बँकेत मँडेट, म्हणजे खातं चालवण्याचा लेखी अधिकार, किंवा मुखत्यारपत्र द्यायचं. मग तिला घरखर्च, फी, दवाखाना, सोसायटीचा मेंटेनन्स असे इथले खर्च त्या खात्यातून करता येतात. तिला त्यातून कोणाला भेट देता येत नाही किंवा दुसऱ्या कोणाला पैसे परदेशी पाठवता येत नाहीत. तेवढी मर्यादा योग्यच आहे.

आता लक्षात घ्या, मँडेट आणि मुखत्यारपत्र दोन्ही देणाऱ्या माणसाच्या मृत्यूबरोबर संपतात. ज्या दिवशी बाईला पैशांची सर्वात जास्त गरज असते त्याच दिवशी तिच्या हातातला कागद निकामी होतो. म्हणून मँडेट पुरेसं नाही. खात्यावर नाव हवं आणि नामनिर्देशनही हवं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं. नॉमिनी लावला म्हणजे वारसाहक्क ठरला असं मात्र नाही. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की नॉमिनी मालक होत नाही, वारसांचा हक्क वारसाकायद्याप्रमाणेच राहतो. तेव्हा मृत्युपत्रही करून ठेवा. आपल्याकडे मृत्युपत्राचा विषय काढला की घरात सगळे गप्प होतात. आमच्याकडेही सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तरी केलं.

हे मी एवढ्या कळकळीनं लिहिते आहे, कारण आमच्या ओळखीच्या एका बाईंचे पती तिकडे कॅम्पवर झोपेत गेले. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. त्यांना पार्थिव आणण्यासाठी आणि राहिलेला पगार मिळवण्यासाठी वारसांचं मुखत्यारपत्र करून दूतावासाकडे पाठवावं लागलं. तिथला मृत्यूचा दाखला अरबीत, त्याचं भाषांतर, त्यावर शिक्के. इथे बँकेत खातं एकट्या पतीच्या नावावर, नॉमिनी कोणी नाही, म्हणून वारस दाखल्यासाठी कोर्टाच्या फेऱ्या. तोवर घराचा हप्ता थकला. मुलाचं कॉलेज एक वर्ष बुडालं. त्या माणसानं आयुष्यात कोणाचं काही बुडवलं नव्हतं आणि त्याच्या घरच्यांना उसनवारी करावी लागली. मुंब्रा-कौसा, कळवा, ऐरोली, घणसोली या भागांत अशी कितीतरी घरं आहेत जिथे कर्ता माणूस आखातात आहे. त्या बाईंच्या जागी यातली कोणतीही बाई असू शकते.

दहावी न झालेले जे कामगार सौदीसारख्या देशांत जातात, त्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा, शिक्का असतो आणि त्यांना जाताना दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीचा असतो. त्याची पॉलिसी घरी हवी, कामगाराच्या बॅगेत नको. आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्यांना ती सक्ती नाही. त्यांनी स्वतःहून विमा घेतला तरच घरच्यांना आधार.

निवृत्तीचंही तसंच. सौदीत परदेशी कामगाराला पेन्शन नाही. नोकरी सोडताना पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा आणि त्यापुढे दर वर्षामागे एका महिन्याचा पगार मिळतो. राजीनामा दिला आणि नोकरी दहा वर्षांच्या आत असेल तर तेवढाही पूर्ण मिळत नाही. म्हणजे म्हातारपणाची सोय स्वतःच करायची. अनिवासी माणसाला नवीन पीपीएफ खातं उघडता येत नाही. जाण्याआधीचं असेल तर ते पंधरा वर्षं चालतं, पण वाढवता येत नाही. पत्नी मात्र भारतात राहते. ती स्वतःच्या नावावर पीपीएफ उघडू शकते, वर्षाला दीड लाखापर्यंत. माझं खातं मी कळव्याच्या पोस्टात उघडलं, आणि खरं सांगते, पासबुकावर स्वतःचं नाव पाहून जे वाटलं ते सोन्याच्या बांगड्यांनी कधी वाटलं नव्हतं.

महिन्याच्या खर्चाचंही आम्ही ठरवून टाकलं. घरखर्चाची रक्कम पगार होताच माझ्या बचत खात्यात येते, उरलेली एनआरईत. पूर्वी यजमान रियालला चांगला भाव येईपर्यंत पैसे धरून ठेवत. रियाल डॉलरला ३.७५ नं बांधलेला आहे, त्यामुळे भाव हलतो तो आपल्या रुपयामुळे. पण भाव बघून मुलीची फी थांबत नाही आणि सासूबाईंच्या गोळ्याही थांबत नाहीत. भावाची वाट बघायची असेल तर ती बचतीच्या पैशांनी बघावी, घरखर्चाच्या नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. आता यजमानही तेच इतरांना सांगतात.

घराच्या कागदांबद्दल एकच. सौदीतून मुखत्यारपत्र करून पाठवलं तर ते महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. पाकीट आलं की कपाटात ठेवू नका. आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मुखत्यारपत्र दाखवून बसता येत नाही, असं आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली, सांगतात. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली तेव्हा मला हे कळलं. माझं नाव आता शेअर सर्टिफिकेटवर आहे. ज्या घरात मी रोज राहते त्याचं काय करायचं हे ठरताना मी दाराबाहेर उभी राहणार नाही.

माझ्या दोन मागण्या आहेत. एक बँकांकडे. ग्राहकांचे फॉर्म इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असावेत असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. मग अनिवासी खात्याचे फॉर्म आमच्या शाखेत मराठीत का मिळत नाहीत? ज्या बाईला सही करायची आहे तिला ते वाचता आले पाहिजेत. दुसरी राज्य सरकारकडे. केरळनं १९९६ मध्येच परदेशातल्या केरळी लोकांसाठी स्वतंत्र सरकारी विभाग काढला आणि पुढे त्यांच्यासाठी कल्याण मंडळ आणि पेन्शनही सुरू केलं. आपल्या राज्यात पैसा त्यांच्याहून जास्त येतो. ठाणे जिल्हाधिकारी कार्यालयात एक खिडकी असावी, जिथे आखातातल्या कामगाराची बायको, आई किंवा बाप जाऊन विचारू शकेल की अमुक कागद कुठे मिळतो, तमुक दाखला कसा काढायचा. मी विचारत फिरले तेव्हा प्रत्येक टेबलानं पुढचं टेबल दाखवलं.

शाळांना सुट्टी लागली की आखातातली माणसं घरी येतात. महिनाभरात लग्नं, नातेवाईक, गावाकडची पूजा यांत दिवस जातात, हे मी जाणते. त्यातला एक दिवस बँकेसाठी काढा, दोघांनी मिळून जा.

संपादक महोदय, पत्र मोठं झालं आहे, काटछाट करावी लागेल हे मला ठाऊक आहे. माझ्या घराबद्दलचं सगळं कापलंत तरी चालेल. एनआरई खात्यात पत्नीचं नाव जोडता येतं आणि मँडेट मृत्यूनंतर संपतं, एवढा मजकूर मात्र पूर्ण छापा.

आपली,
एक वाचक, कळवा (जि. ठाणे)