जोडनावं छापताना मूळ नावं पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालिकांतल्या जोड्यांना चाहते जी जोडनावं देतात, त्यांना आपल्या रविवार पुरवणीत 'द्वंद्व समास' म्हटलं आहे. ते बरोबर नाही. राधाकृष्ण, हरिहर या द्वंद्वांत दोन्ही पदं अखंड असतात. जोडनावात दोन्ही नावांना कात्री लागते. सहसा पहिल्याचा आरंभ राहतो आणि दुसऱ्याचा शेवट. इंग्रजीत अशा शब्दांना 'पोर्टमँटो' म्हणतात. मूळ शब्द प्रवासी बॅगेचा; जोडशब्दाचा हा अर्थ इंग्रज लेखक लुईस कॅरलच्या १८७१ च्या पुस्तकातून आला. चाहत्यांमध्ये मात्र आधी तिरकी रेघ रुळली: १९७० च्या दशकात 'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकेचे चाहते 'कर्क/स्पॉक' असं लिहीत.

आपल्याकडची खरी गंमत लिपीत आहे. 'इस प्यार को क्या नाम दूँ' (२०११) मधल्या अर्णव आणि खुशी यांचं झालं 'अर्शी'. अर्णवमधला रफार 'ण'वर होता. नाव कापताच तो पुढच्या 'शी'वर जाऊन बसला. 'अरशी' छापलं की हा सांधाच पुसला जातो. 'कुमकुम भाग्य'मधल्या अभि आणि प्रज्ञा यांचं 'अभिग्या' तर हिंदी उच्चारावरच उभं आहे. हिंदीत 'ज्ञ' म्हणजे ग्य, आपल्याकडे द्न्य. म्हणून ते 'अभिज्ञा' असं 'शुद्ध' करू नये. मराठी वाचक ते 'अभिद्न्या' वाचेल आणि चाहत्यांचा शब्द हरवेल.

सगळ्यात जास्त चुका रोमन लिपीवरून उतरवताना होतात. 'ये रिश्ता क्या कहलाता है'मधल्या कार्तिक-नायराचं 'कायरा' हे 'का' आणि 'यरा' मिळून झालेलं आहे, तिथे 'कैरा' छापून येतं. 'कैसी ये यारियाँ'मधल्या मानिक-नंदिनीच्या 'मानन'चं थेट 'मनन' होतं. रोमनमध्ये मधला 'एन' मोठा काढून सांधा दाखवतात, देवनागरीत ती सोय नाही.

मराठी मालिकांत अशी कापाकापी फारशी रुजली नाही, आणि मला त्याचं कारण संबोधनांत दिसतं. 'तुझ्यात जीव रंगला'मधले राणा-अंजली घरोघरी 'राणादा आणि पाठकबाई'च राहिले. 'दा' आणि 'बाई' छाटले तर त्या नात्यातली अदबच जाते. नुसती नावं जोडली तर संधीनियमाने 'राणांजली' होईल, पण तो पुन्हा समासच.

तेव्हा विनंती अशी, की जोडनाव पहिल्यांदा येईल तिथे दोन्ही पूर्ण नावं द्यावीत, देवनागरी रूप मूळ नावांवरून ठरवावं आणि मालिकेत उच्चार कसा होतो ते एकदा ऐकून मगच छापावं.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई