संविधान अभ्यासगट : गुरुवारच्या तासाची तयारी

सर्व सदस्यांसाठी,

येत्या गुरुवारी सकाळी ८ वाजता सरांचा तास आहे. विषय : घटनादुरुस्तीचा अधिकार, कलम ३६८. आठ म्हणजे आठ, नंतर दार उघडत नाही. सर हजेरीपटावरून कुणालाही उभं करतात आणि उत्तर आलं की त्यातूनच पुढचा प्रश्न काढतात. त्यामुळे शेजाऱ्याच्या भरवशावर येऊ नका.

वाचायचे निकाल :
- शंकरीप्रसाद (१९५१), गोलकनाथ (१९६७).
- सज्जनसिंग (१९६५) : नुसता चाळला तरी चालेल, पण न्या. मुधोळकरांचं स्वतंत्र मत सोडू नका. घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांचा प्रश्न तिथेच डोकावतो.
- केशवानंद भारती (१९७३) : १३ न्यायमूर्ती, ७ विरुद्ध ६. एवढं सांगून सुटका नाही. मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करता येते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही, हे न्या. खन्नांनी कसं मांडलं ते स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे.

गाईड वर्गात आणू नये (सरांना लांबूनही ओळखू येतं). घटनेची प्रत मात्र हवीच.

बुधवारी संध्याकाळी ५ वाजता ग्रंथालयात उजळणी आहे. येणाऱ्यांनी मंगळवारपर्यंत कळवावे.

– गटप्रमुख