आधी नळी तपासा, मग रिमॅपिंग

महोदय,

माझी डिझेल मोटार १३ वर्षांची आहे. यवतेश्वर घाटात ती दम टाकू लागल्यावर, इंजिनच्या संगणकाचे रिमॅपिंग करून, म्हणजे त्यातील सेटिंग बदलून, ताकद वाढवून देतो, असे एका गॅरेजने सांगितले. सुदैवाने पैसे भरण्यापूर्वी आमच्या जुन्या मेकॅनिकने बॉनेट उघडून टर्बोकडून (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) इंटरकूलरला (ती हवा थंड करणारा भाग) जाणाऱ्या रबरी नळीवर बोट फिरवले. बोटाला काळे तेल लागले आणि क्लॅम्पखाली बोटभर चीर दिसली; दाबाची हवा तिथूनच निसटत होती. नळी बदलताच तक्रार मिटली, तीही रिमॅपिंगच्या दहाव्या हिश्श्याहून कमी खर्चात.

रिमॅपिंगमध्ये टर्बोचा दाब व इंधनाचे प्रमाण वाढवले जात असल्याने टर्बो डिझेल गाडीत फरक जाणवतो, हे मान्य. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत मात्र तो नगण्यच. परंतु वाढलेला टॉर्क (चाके फिरवणारा जोर) झिजलेल्या क्लचला आणि थकलेल्या टर्बोलाच पेलावा लागतो, धूर वाढल्यास पीयूसी अडते, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. इंजेक्टर, फिल्टर व क्लच ठणठणीत असल्याची खात्री करून न घेता संगणकाला हात लावणारे गॅरेज मी तरी टाळेन.

– एक वाचक, सातारा