‘डिग्री घेऊन या, मशीन आम्ही आणतो’ : मंत्री महोदयांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
मंत्रालय, मुंबई.

विषय : 33 पैकी 19.

महोदय,

सप्रेम नमस्कार. पत्रात तुमचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. वाचणाऱ्याने आपापल्या ओळखीच्या मंत्र्याचं घालून वाचावं, फारसं काही अडणार नाही. तुम्हाला मात्र कळेल.

परवा शनिवारी आमच्या तालुक्याच्या गावी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. मी गेले नव्हते. रात्री भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ आला. तुम्ही माईक हातात घेता, पुढच्या रांगेतल्या मुलींकडे बोट करता आणि म्हणता, “पोरींनो, कॅन्सरचं शिका. तुम्ही डिग्री घेऊन या, मशीन आम्ही आणतो.” मग थांबता. टाळ्या पडतात. तो व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. कारण हेच वाक्य, इथेच थांबून, पाच वर्षांपूर्वी तुम्ही मला म्हणाला होतात. मी पुढच्या रांगेत तिसरी बसले होते. शाल, श्रीफळ आणि तुमच्या हातून गुलाबाचं फूल मिळालं. फोटोत तुम्ही कॅमेऱ्याकडे बघताय, मी तुमच्याकडे.

माझ्या वडिलांनी ते खरं धरलं. आमच्याकडे मोठ्या माणसाने चारचौघांत शब्द दिला की तो व्यवहार समजतात. त्यांनी कापसाचे पैसे आल्यावर फी भरली, कमी पडले तेव्हा बोरी नदीकाठचं दीड बिघा रान गहाण टाकलं आणि मला बीपीएमटीला, म्हणजे पॅरामेडिकलच्या पदवीला घातलं. शाखा रेडिओथेरपी, म्हणजे किरणांनी कॅन्सरवर उपचार. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा अभ्यासक्रम, तीन वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. गल्लीतल्या म्हाताऱ्या मला अजून विचारतात, “रेडिओ? आते कोन ऐकस वं रेडिओ?” त्यांना मी सांगते, शेक देण्याचं शिकले. शेक म्हटलं की कळतं. आमच्या भागात असं घर कमी, जिथे कोणी ना कोणी शेक घ्यायला मुंबईला गेलेलं नाही.

तुम्हालाही थोडं सांगते, कारण मशीन आणतो म्हणणाऱ्याला ती काय चीज आहे हे ठाऊक असावं. लिनॅक, म्हणजे किरणं देणारं मशीन, ज्या खोलीत बसतं तिला बंकर म्हणतात. ज्या अंगाला किरणांचा झोत पडतो तिथली काँक्रीटची भिंत दोन मीटरहून जाड. पेशंटला टेबलावर झोपवायचं, भिंतीवरच्या लेझरच्या रेषा अंगावरच्या खुणांवर आणायच्या, मिलीमीटरने सरकवायचं. मग सगळ्यांनी बाहेर. शेवटी निघणाऱ्याने भिंतीवरचं एक बटण दाबायचं, ‘लास्ट मॅन आउट’. आत आता पेशंटशिवाय कोणी नाही, याची ती खूण. त्याशिवाय किरणं सुरूच होत नाहीत. मग आम्ही बाहेर टीव्हीवर बघत बसतो. आत माणूस एकटा, जाळीखाली चेहरा, हलायचं नाही, गिळायचंसुद्धा बेताने. वर्षभरात ते बटण मी किती वेळा दाबलं, मोजलेलं नाही. प्रत्येक वेळी जिभाऊ आठवले.

जिभाऊ म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. तीस वर्षं डाव्या गालात तंबाखूचा बार. मी दुसऱ्या वर्षाला असताना तोंड दोन बोटांच्या वर उघडेना, तेव्हा कळलं. मुंबईत ऑपरेशन झालं, पाठोपाठ 33 शेक लिहून दिले. आठवड्याला पाच, शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे साडेसहा आठवडे. ऑपरेशन एकदाच होतं. केमो बहुतेकांना दोन-तीन आठवड्यांनी असते, जाऊन येता येतं. शेक रोजचा असतो, हे तुमच्या खात्यातल्या एकाही साहेबाच्या डोक्यात शिरलेलं मला दिसलं नाही. जळगावहून मुंबई चारशे किलोमीटरच्या वर. रेल्वे कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरने फुकट नेते, सोबतच्या माणसाला 75 टक्के सूट देते. ही खरोखर चांगली सोय आहे, टोमणा मारत नाही. पण रोज शेक घ्यायला चारशे किलोमीटर कोण जाऊन येईल? तिकडेच राहावं लागतं. जन आरोग्य योजनेत जिभाऊंचे शेक फुकट झाले. खोली फुकट नव्हती. धर्मशाळेत नंबर लागेपर्यंत पहिले नऊ दिवस ते परळच्या फूटपाथवर झोपले, वर प्लास्टिकचा कागद. माझा चुलतभाऊ सोबत, म्हणजे त्याची मजुरी गेली. तिसऱ्या आठवड्यात तोंडात फोड, थुंकी आटलेली, भात पाण्यात कालवून नळीने ओढायचा.

दिवाळीला म्हणून घरी आले. कापूस वेचणीला आलेला. चार दिवसांनी चुलतभावाने बॅग भरली तर म्हणाले, “माले आते नही जावानं.” 19 झाले होते, 14 राहिले होते. मी होस्टेलच्या जिन्यात बसून फोनवर रडले. आम्हाला नुकतंच शिकवलं होतं की डोक्या-मानेच्या कॅन्सरला मध्ये खंड पडला तर दर दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता टक्का-सव्वा टक्क्याने उतरते. ते जिभाऊंना टक्क्यांत कसं सांगणार? आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या आठवड्यात ते गेले. झोके बांधायचे दिवस. त्या वर्षी आमच्या निंबाला झोका बांधला नाही.

मास्कचं सांगते, मग पुढे जाते. डोक्या-मानेच्या पेशंटला मास्क करतात. जाळीचं प्लास्टिक गरम पाण्यात टाकलं की पापडाच्या पिठासारखं मऊ होतं. ते चेहऱ्यावर ओढून टेबलाला अडकवायचं, थोड्या वेळात निवून घट्ट बसतं. मग रोज तोच मास्क. इंटर्नशिपला होते तिथे भिंतीला रॅक आहे, प्रत्येक मास्कवर चिकटपट्टी, नाव, फाइल नंबर. माणूस यायचा थांबला की मास्क तसाच पडून राहतो. महिन्याभराने सफाईचे मामा विचारतात, “ताई, हा काढू का?” नाक, हनुवटी, बसलेला गाल, सगळं त्या माणसाचं. एकदा मी मोजले, अकरा होते. फाइली काढून पत्ते बघितले. सात आपल्याकडचे निघाले : साक्री, शिरपूर, रावेर, पारोळा, दोन धडगावचे आणि एक फाइलवर फक्त ‘खान्देश’ लिहिलेला. मुंबईतही जिभाऊंचा असाच कुठल्या रॅकवर राहिला असेल.

आता माझं रडगाणं, तेही ऐकाच. ज्या कॉलेजात शिकले त्याचं नाव लिहीत नाही, माझी प्रमाणपत्रं अजून त्यांच्याकडे आहेत. किरणांत काम करणाऱ्याने छातीला टीएलडी बॅज लावायचा असतो. अंगावर किती किरणं पडली ते त्यात नोंदवलं जातं. आम्हा चौघींत एक होता. म्हणजे एका मीटरवर चार घरं. वर्षअखेरीला डोस कोणाचा, तर जिचं नाव रजिस्टरात पहिलं तिचा! इंटर्नशिपचं विद्यावेतन चार महिने दिलं, आठ महिने ‘फंड आला की’. शिष्यवृत्तीचा फॉर्म तीनदा परत आला, एकदा फोटोचा आकार चुकला म्हणून. या काळात मेसच्या ताईंनी मला उधारीवर जेवू घातलं. या पत्रात आभार मानायचेच तर त्यांचे मानते.

डिग्री घेऊन आले. जाहिरात आली, गेले. कंत्राटी, एजन्सीमार्फत, 14,000 रुपये. यादीत पदनाम ‘क्ष-किरण तंत्रज्ञ’. खिडकीतल्या भाऊसाहेबांनी मार्कशीट पुढून-मागून पाहिली.

“रेडिओथेरपी म्हणजे एक्स-रेच ना?”

“नाही सर. ते फोटो काढतात, आम्ही उपचार देतो.”

“मग तुमचं पद नाही आमच्याकडे.”

“का नाही?”

“मशीन नाही ना, ताई.”

मशीन का नाही, हे विचारायला दुसऱ्या मजल्यावर गेले. तिथले साहेब भले माणूस, खुर्ची दिली, चहा पाजला. म्हणाले, मशीन आणून करायचं काय, चालवायला माणसं मंजूर नाहीत. एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, परवान्यासाठी डॉक्टर मागतं, मेडिकल फिजिसिस्ट मागतं, किरण सुरक्षा अधिकारी मागतं, तंत्रज्ञ मागतं. पदं नाहीत म्हणून परवाना नाही, परवाना नाही म्हणून मशीन नाही. आणि मशीन नाही म्हणून पदं नाहीत, हे खालच्या मजल्यावर कळलंच होतं. मी जिन्यात उभी राहून हसले. शिपाई घाबरून पाणी घेऊन आला.

साहेब, संसदेने 2021 मध्ये आमच्यासारख्यांसाठी वेगळा कायदा केला, आयोग नेमायचं ठरवलं. त्यात रेडिओथेरपी तंत्रज्ञ वेगळा लिहिलाय. दिल्लीच्या कायद्यात मी आहे आणि जिल्ह्याच्या खिडकीत एक्स-रेवाली. आणि मशीनसाठी तुम्ही भूमिपूजन केलेली ती जागा? तिथे खड्डा खणलाय आणि कोनशिला बसवलीय. कोनशिलेला टेकून एकाने उसाच्या रसाचं चरक लावलंय, तुमच्या नावाच्या ओळीवर लिंबं ठेवतो. रस चांगला असतो त्याचा.

आकडे हवेत? घ्या. 2011 च्या जनगणनेत जळगाव 42 लाख, धुळे साडेवीस लाख, नंदुरबार साडेसोळा लाख. बेरीज 79 लाख. पुढची वाढ सोडून दिली. दर दहा लाखांमागे निदान एक यंत्र हवं असं धरतात, म्हणजे आठ झाली. माझा हिशेब कच्चा म्हणा, अर्धा कापा, तरी चार उरतात. खान्देशात सरकारी किती चालू आहेत ते तुम्ही सभागृहात छापील उत्तरात सांगा. ‘प्रस्तावित’ आणि ‘कार्यान्वित’ वेगवेगळ्या रकान्यात मांडून सांगा. केंद्राने 2025-26 च्या बजेटमध्ये सगळ्या जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत डे केअर कॅन्सर सेंटरं जाहीर केली, पहिल्या वर्षी 200. करा, चांगलंच आहे. पण तिथे केमोची बाटली लागेल, शेक मिळणार नाही. आणि कॅन्सरच्या निम्म्या पेशंटना कधी ना कधी शेकाची गरज पडते, हे आमच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात आहे.

गुटख्याची बंदी 2012 पासून. आमच्या स्टँडमागच्या टपरीवर विचारा, पोरगा तोंडाने ‘नाही’ म्हणतो आणि हाताने देतो. म्हणजे आजाराचा पुरवठा गल्लीपर्यंत पोचतो, औषधाचा चारशे किलोमीटरवर थांबतो. तुम्हा लोकांना इमारत आवडते, कारण इमारतीला फीत लावता येते. तंत्रज्ञाच्या नेमणुकीला कापायला काही नसतं. पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि फोटो एकदाही निघत नाही. पक्ष कुठला का असेना, तुम्ही स्वतः किती बदललेत ते मी मोजत नाही, यात सगळ्यांचं जमतं.

मागणं थोडकंच. मशीनच्या आधी पदं मंजूर करा, पदनाम नीट लिहून. परवान्याची अडचण तिथेच सुटते. तोवर जे शेकासाठी बाहेरगावी राहतात त्यांच्या आणि सोबत्याच्या राहण्या-जेवणाचे पैसे योजनेतून द्या, साडेसहा आठवड्यांचे, फक्त उपचाराचे नकोत. आणि कोणी मध्येच यायचं थांबलं तर दुसऱ्या दिवशी आशाताईचा फोन जायला हवा, एवढी नोंद गावाकडे पोचवा. याला मशीन लागत नाही, भूमिपूजनही लागत नाही.

व्हिडिओत उजवीकडून दुसरी जी मुलगी टाळ्या वाजवतेय, ती आमच्या गल्लीतली. काल संध्याकाळी पुस्तकं मागायला आली. “ताई, मशीन येई ना तवलगून?” तोवर मशीन येईल ना, असं विचारत होती. मी फिजिक्सचं पुस्तक दिलं, नोट्स दिल्या. नाही म्हणवलं नाही.

तुमची शाल मात्र तिला दिली नाही. ती या पत्रासोबत कुरियरने पाठवतेय, एकदाच घडी मोडलीय, जिभाऊंना शेवटच्या महिन्यात थंडी वाजायची तेव्हा. धुतलेली आहे. पुढच्या सत्काराला वापरता येईल. नारळ त्याच दिवशी फोडून प्रसाद वाटला होता, तो काही परत करता येत नाही.

आपली,
पुढच्या रांगेतली तिसरी
(अमळनेर तालुका, जि. जळगाव)

ता. क. : पोच द्यावी. मागच्या तीन अर्जांची अजून आलेली नाही.