नाव नसलेल्या माणसांची नीट नोंद ठेवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

तुमचं नाव कुठे छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई म्हणते. जुन्या काळच्या मराठी बायकांच्या दागिन्यांवर मी जे लिहिते आहे, त्यातला छायाचित्रांचा सगळा भाग तुमच्यामुळे उभा राहिला. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही जुन्या फोटोंची पुढची पेटी उघडता. म्हणून हे जाहीर पत्र.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते, छायाचित्रकार विल्यम जॉन्सन होते. जॉन्सन आणि हेंडरसन यांचा ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ १८५६ ते १८५८ या काळात निघाला. पुढे जॉन्सनचे मुंबईतल्या जातीजमातींवरचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली लंडनहून आले, त्यातला दुसरा महाराष्ट्रातल्या लोकांवर. मग १८६८ ते १८७५ मध्ये ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड. किती चेहरे आहेत या सगळ्यांत! आणि बहुतेकांच्या खाली फक्त जात किंवा धंदा. ‘भाटिये’, ‘नागर ब्राह्मण स्त्रिया’. कॅमेऱ्यासमोर कित्येक सेकंद न हलता बसलेल्या बाईचं नाव कुणाला लिहून ठेवावंसं वाटलं नाही, याचा मला अजूनही त्रास होतो.

तुमच्याकडे त्याच काळातले सुटे फोटो आहेत, कुणी काढले तेही न लिहिलेले. त्यातल्या चार बायकांच्या फोटोची तुम्ही केलेली नोंद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पेन्सिल खाली ठेवली. जुना मथळा तुम्ही अवतरणात जसाच्या तसा ठेवला होता, कारण पुढचा माणूस त्याच शब्दाने शोधत येईल. तुमचा मथळा चौकोनी कंसात, म्हणजे तो आज दिलेला आहे हे कळावं. नावाच्या रकान्यात ‘अनोळखी’. आणि त्याखाली डावीकडून उजवीकडे प्रत्येकीला स्वतंत्र ओळ. दुसरीची ओळ मला पाठ आहे: वय विशीच्या आसपास, नाकात मोत्यांची नथ, उजव्या हाताची बोटं हललेली. ‘स्त्रियांचा समूह’ एवढं लिहून भागलं असतं. तुम्ही भागवलं नाहीत.

दागिन्यांच्या बाबतीत तर तुम्ही माझे डोळेच उघडलेत. त्या बायकांचं कुंकू इतकं काळं का, असं मी विचारलं होतं. तेव्हा फोटो ज्यावर घेत ती कोलोडियन नावाचा चिकट द्राव लावलेली ओली काच निळ्या प्रकाशाला चटकन धरते, पिवळ्याला फार थोडी आणि तांबड्याला जवळजवळ नाहीच, हे तुम्ही समजावून सांगितलंत. जो रंग काच धरत नाही तो फोटोत काळा उतरतो, म्हणून कुंकू काळं, हळदी रंगाचं लुगडं गडद, निळं मात्र फिकट. आता गडद लुगडं दिसलं म्हणून चंद्रकळा लिहायला माझा हात धजत नाही. मोत्यांची चिंचपेटी लख्ख दिसते, पण सोन्याची ठुशी काळपट होऊन मानेच्या सावलीत हरवते, आणि बघणारा म्हणतो गळा मोकळा आहे. तुम्ही भिंग देऊन मण्यांवरचे चमकीचे ठिपके मोजायला लावलेत. ठुशी होती!

तांबूस, गव्हाळ कातडीसुद्धा त्या काचेवर असते त्याहून सावळी उतरते. त्या काळच्या पुस्तकांत माणसांच्या वर्णावर मारलेले शेरे वाचताना हे आठवतं आणि राग येतो.

जॉन्सनच्या खंडांत माणसं एकीकडे टिपलेली आणि मागचा देखावा दुसरीकडून आणून जोडलेला, हेही मला तुमच्याकडूनच कळलं. मागे देऊळ दिसतं म्हणून बाई त्या गावची, असं म्हणायची सोय राहत नाही. पदराच्या कडेशी कापल्याची रेघ कशी शोधायची ते तुम्ही दाखवलंत, आणि तुमच्याकडच्या सुट्या फोटोंतही ती आधी शोधायची सवय लागली.

एकदा एक वृद्ध गृहस्थ आले होते. फोटोतली बाई आपली पणजी आहे अशी त्यांची खात्री होती. तुम्ही त्यांना बसवून सगळं ऐकून घेतलंत, घरातला दुसरा एखादा फोटो, एखादं पत्र आहे का विचारलंत. काही नव्हतं. त्यांचं म्हणणं तारखेसकट वेगळ्या कागदावर लिहून त्या नोंदीला जोडलंत, नावाचा रकाना मात्र तसाच ठेवलात. गृहस्थ थोडे नाराज झाले, तरी जाताना तुम्हाला हात जोडून गेले. दया आणि शिस्त एकाच माणसात इतकी मी क्वचित पाहिली आहे. ज्या बायकांवर एकदा परक्यांनी चिठ्ठी चिकटवली, त्यांच्यावर आपण प्रेमापोटीही दुसरी चुकीची चिठ्ठी चिकटवायची नाही, असं मला त्या दिवशी वाटलं. ते तुम्ही बोलून दाखवलं नाहीत, करत होतात.

अंड्यातल्या नुसत्या पांढऱ्या भागाचा थर दिलेला तो फोटोचा कागद, मुंबईची दमट हवा, वळलेल्या कडा. प्रत्येक फोटो दोन्ही हातांनी उचलून तुम्ही माझ्यासमोर ठेवलात, आणि मी घाई केली नाही याची काळजीही तुम्हीच घेतलीत. त्याबद्दल मनापासून आभार.

नथ, बुगडी, वेल, ठुशी, गोठ, पाटल्या, तोडे अशी फोटोगणिक टिपणं मी नीट लिहून काढली आहेत. त्यांची एक प्रत या आठवड्यात तुमच्याकडे पोचेल. त्या नोंदींना जोडण्यासारखं वाटलं तर जोडा. जिथे मी दागिना नक्की ओळखला आहे तिथे शाईने लिहिलं आहे, जिथे नुसता अंदाज आहे तिथे पेन्सिलने.

आपली,
वाचनकक्षातली एक अभ्यासक